पाखरांच्या जागा आपल्या वहीत लिहा

(तानसा पाणलोटातल्या पाड्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात तरुण गटाच्या वतीने झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



काल दिवसभर दाव्यांचं बोलणं झालं. कुणाचा दावा कुठे अडकला, कुणाच्या सातबाराला काय नोंद लागली, कुणाला चार एकराऐवजी वीस गुंठे मिळाले. आज सकाळी आम्हाला सांगितलं, तुम्ही पाखरांवर बोला. तेव्हा मागे बसलेली माणसं हसली. एक बाबा म्हणाले, "पट्टा हातात नाय, न् पोरं पाखरं मोजत फिरतात." बाबा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. तो सोडून बोलायचं नाही असं आम्ही ठरवलंय. शेवटी त्याच्यावरच येऊ.

आम्ही सात जण आहोत. चार पोरं, तीन पोरी. बारावीच्या पुढे कुणी शिकलेलं नाही. गेल्या दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही पाच पाड्यांच्या रानात फिरलो. दर फेरीला एक म्हातारं माणूस बरोबर घेतलं. वही एक, दुर्बीण एक, तीपण मागून आणलेली. हे काम आम्ही हौस म्हणून घेतलं नाही. ते कशावरून सुरू झालं ते आधी सांगतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या एका पाड्यावर गाडी आली. तिघं होते, मोठे कॅमेरे. त्यांना रानपिंगळा पाहायचा होता. पाड्यातला नववीतला पोरगा पुढे झाला. दोनशे रुपये मिळाले, त्याने ढोली दाखवली. मग त्यांनी मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज लावला. आपल्या हद्दीत दुसरा पिंगळा आला असं वाटून पाखरू जवळच्या फांदीवर येऊन ओरडायला लागलं. त्यांनी फोटो काढले, परत आवाज लावला, परत काढले. ढोलीच्या समोर एक फांदी आडवी येत होती ती मोडली. दुसऱ्या दिवशी परत आले. आम्ही पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा ढोली रिकामी होती. त्याच कारणाने पाखरू गेलं असं आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण त्याआधी पोरगा दोन महिने रोज ते बघत होता, आणि त्यानंतर ते कुणाला दिसलं नाही.

महिन्याभराने एक साहेब आले. म्हणाले, तुम्ही सरपणाला फिरता, गुरं घालता, म्हणून इथलं पाखरू गेलं. आता ओहोळाच्या या बाजूला यायचं नाही. बायांनी विचारलं, गाडी घेऊन आले होते ते कोण? साहेब म्हणाले, ते अभ्यासक. तेव्हा कुणाला बोलता आलं नाही. आमच्या हातात कागद नव्हता. कधीपासून पाखरू तिथे आहे, कुठे बसतं, कोण येऊन गेलं, काही लिहिलेलं नव्हतं. साहेबांकडे वही होती, आमच्याकडे फक्त आठवण होती.

त्या रात्री आम्ही ठरवलं की आता आपणपण लिहायचं.

आता हे पाखरू कोण आहे ते ऐका. आपल्या पाड्याजवळ साधा पिंगळा सगळ्यांनी पाहिलाय. डोक्यावर, पाठीवर पांढरे ठिपके असतात, दिवस मावळला की कलकलाट करतो. रानपिंगळा त्याच्यासारखाच दिसतो पण तो नव्हे. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छातीवर गडद पट्टा, पोट खाली पांढरं, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. आणि तो दिवसा शिकार करतो. उघड्या फांदीवर उन्हात बसून शेपटी इकडून तिकडे झटकतो, सरडा किंवा उंदीर दिसला की झेप घेतो. आमच्याबरोबर आलेल्या आजीला चित्र दाखवलं तर ती म्हणाली, "एक रातचा पिंगळा, एक उन्हाचा. हा उन्हाचा." आजीला अक्षर वाचता येत नाही.

पुस्तकवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. १८८४ नंतर हे पाखरू कुणा शास्त्रज्ञाला सापडलं नाही. संपलं असंच समजत होते. मधे मायनर्टझागेन नावाच्या एका मोठ्या इंग्रज लष्करी साहेबाने सांगितलं होतं की १९१४ साली मला तापीकाठी मांडवीला मिळालं. त्याच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला. पुढे उघडं पडलं की त्याने म्युझियममधलं जुनं मेलेलं पाखरू चोरून त्याच्यावर आपली खोटी चिठ्ठी लावली होती. शेवटी १९९७ च्या नोव्हेंबरात तीन अमेरिकी पक्षीतज्ज्ञांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, जिवंत रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! तो मुलूख भिल्ल-पावऱ्यांचा आहे. पुढे मेळघाटात, यावलला सापडला, आणि २०१४ साली आपल्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. सह्याद्रीत तो आहे हे पुस्तकाला तेव्हा कळलं.

आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगितली. साहेबाच्या खोट्या चिठ्ठीला इतकी वर्षं किंमत होती. आजीच्या खऱ्या माहितीची चिठ्ठीच कुणी केली नाही. त्यात शास्त्राचा दोष नाही, कारण खोटं पकडलं तेपण शास्त्रानेच, पिसं तपासून, चिठ्ठ्या ताडून. म्हणून आपण लिहायचं ते तपासून लिहायचं. ऐकलेलं वेगळं, पाहिलेलं वेगळं.

आता आम्ही काय पाहिलं ते वरून खाली सांगतो. पाणी जसं उतरतं तसं. आपलं रान म्हणजे तानसा तळ्याचा पाणलोट. तानसा धरण १८९२ साली मुंबईला पाणी न्यायला बांधलं. शहराला पाणी स्वच्छ पाहिजे म्हणून तळ्याभोवतीचं रान राखलं, पुढे अभयारण्य झालं. शहापूर, वाडा, मोखाडा तालुक्यांत मिळून तीनशे चौरस किलोमीटरांहून मोठं आहे. पावसाचा थेंब माहुलीच्या अंगावर पडला की ओहोळातून तळ्यात येतो, तळ्यातून नळाने मुंबईला जातो. आणि तळ्याच्या कडेच्या पाड्यावरच्या बाया चैत्र-वैशाखात हंडा घेऊन झऱ्यावर नंबर लावतात. हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्यावर जास्त बोलत नाही.

सगळ्यात वर माहुलीचे कडे. तिथे उन्हं चढली की घारी, गरुड वाऱ्यावर फिरतात. सर्पगरुड तर आवाजावरून कळतो, वरून लांब शीळ घालतो. म्हातारे सांगतात की पूर्वी गिधाडं दिसायची, मेलेलं जनावर टाकलं की तासात उतरायची. आम्ही सात जणांनी या सगळ्या फिरण्यात एकही पाहिलं नाही. गिधाडं का गेली हे आता सिद्ध झालंय. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध टोचायचे, ते मेलेलं गुरू खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड खराब व्हायचे. २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तरी कुणी माणसाचं इंजेक्शन गुराला टोचत असेल तर नको म्हणा. ही गोष्ट आपल्या हातातली आहे.

कड्याखाली उतारावरचं रान. साग, ऐन, धावडा, मोह, कळंब. इथे आम्हाला एक गोष्ट समजली. पाखरांची गर्दी झाडांच्या आकड्यावर नाही, म्हाताऱ्या झाडांवर आहे. जुन्या झाडाला ढोली पडते. सुतार भोक पाडतो, त्यात पोपट राहतो, पिंगळा राहतो. धनेशाला तर ढोलीशिवाय संसारच नाही. उन्हाळ्यात मादी ढोलीत बसते, चिखल-विष्ठेने दार लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून उंबरं, फळं, किडे आणून भरवतो. त्या दिवसांत नराला कुणी मारलं तर आत बायको-पिल्लं उपाशी मरतात. एक दगड, आणि घर बुडालं. आम्हाला पाच पाड्यांत मिळून ढोलीची म्हणता येतील अशी अकरा झाडं मिळाली. त्यांतली चार मोहाची. मोह आपण तोडत नाही, फुलं वेचतो, म्हणून ती जुनी होऊ शकली. हे आम्ही वहीत ठळक लिहिलंय.

मग ओहोळ. ओहोळाच्या कडेला उंबर. उंबर पिकला की तिथे बसून राहायचं, चालायची गरज नाही. हरियल येतात, आपल्या राज्याचं पाखरू. पानात असे मिसळतात की उडेपर्यंत दिसत नाहीत. तांबट, हळद्या, बुलबुल, धनेश, सगळे एकाच झाडावर. होळीच्या सुमाराला पळस, काटेसावर फुलते तेव्हा तिथे मध खायला गर्दी होते. ओहोळाचे जे डोह मे महिन्यापर्यंत टिकतात ते आम्ही मोजले, तीनच निघाले. त्या तीन डोहांवर सगळ्या रानाची तहान भागते, आणि दोन पाड्यांचीपण. स्वर्गीय नर्तक, तो लांब पांढऱ्या शेपटीचा, आम्हाला डोहावरच दिसला.

वाघोबाच्या जागेचं रान वेगळं लिहिलंय. तिथे कुऱ्हाड लागत नाही, म्हणून दुपारीही अंधार असतो. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो तो तिथे पाचोळ्यात किडे उचकताना दिसतो, असं तिथल्या बाबांनी दाखवून दिलं. बाबा म्हणाले, देवाची जागा आहे, मोठ्याने बोलू नका. पाखरं बघायला आलेल्याला पहिला नियम हाच सांगतात.

त्याखाली आपल्या नागली-वरईच्या जागा, भाताची खाचरं. इथे लावे, तित्तर, भारद्वाज, कोतवाल. मृगाच्या आधी पावशा ओरडतो, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, तेव्हा म्हातारी माणसं बी काढायला घेतात. शेताच्या कडेला सुकलेलं एकटं झाड असेल तर ते सरपणाला घाईने पाडू नका. शिकारी पाखरू तिथेच बसतं आणि शेतातला उंदीर टिपतं.

आणि शेवटी तळं. थंडीत उत्तरेकडून पाहुणे येतात. धोबी शेपटी हलवत काठावर पळतो, तुतारी चिखलात चोच घालते. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, गाळाची जमीन उघडी पडते, तिथे बगळे, करकोचे उतरतात. टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते, खड्यांसारखीच दिसतात. रविवारी फिरायला येणारे गाड्या थेट पाण्यापर्यंत नेतात. चाकाखाली काय गेलं हे त्यांना कळतपण नाही.

आता कायद्याचं. थोडक्यात सांगतो, पण नीट ऐका.

वनहक्क कायदा २००६ चा. "अभयारण्यात हक्क मिळत नाहीत" असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. कायद्याने जंगलजमिनीची जी व्याख्या केली तिच्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही धरलंय. कलम ३ मध्ये गावाने परंपरेने राखलेलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा हक्क आहे. त्याच कलमात जैवविविधतेबद्दलच्या आपल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा हक्क लिहिलाय. म्हणजे आजीला जे माहीत आहे ते कायद्यानेही गावाचं आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेला अधिकार दिलाय की वन्यजीव, जंगल राखावं, आणि पाणलोटक्षेत्र, पाण्याच्या जागा सुरक्षित ठेवाव्यात. पाणलोट हा शब्द कायद्यातच आहे. ते काम एकट्या खात्याचं नाही, आपलंही आहे.

आणि कलम ४. समजा उद्या म्हणाले, हे पाखरू संकटात आहे, ही जागा संकटग्रस्त वन्यजीव अधिवास करायची, माणसं हलवा. तर नुसतं म्हणून चालत नाही. आधी हक्कांची प्रक्रिया पुरी करावी लागते. लोकांच्या राहण्याने कधी भरून न येणारं नुकसान होतं आणि त्या प्राण्याच्या अस्तित्वाला धोका आहे हे दाखवावं लागतं. एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग उरला नाही हेपण ठरावं लागतं. आणि ग्रामसभेची लेखी संमती लागते, समजून उमजून, दबावाशिवाय. आता सांगा, आपण आणि पाखरं एकत्र राहतो हे कोण दाखवणार? साहेबाच्या वहीत आपण फक्त अतिक्रमण म्हणून आहोत. ते आपल्याच वहीने दाखवावं लागेल.

पण मंडळी, वही खरी पाहिजे तर आपले दोषपण तिच्यात लिहावे लागतील. इथे आम्ही आमच्याच पोरांबद्दल बोलतो, मोठ्यांनी रागावू नये.

आमच्या गळ्यात गलोल होती. सातापैकी चौघांनी लहानपणी होले, बुलबुल, धनेशसुद्धा पाडलेत. फासे लावलेत. वनहक्क कायदा शिकारीचा हक्क देत नाही, स्पष्ट वगळलाय. पिंगळा ओरडला की घरात कुणी मरतं म्हणून त्याला दगड मारतात, हेपण आपल्यात आहे. करणीसाठी घुबड मागणारे बाहेरून येतात, आणि पकडून देणारा कधी कधी आपलाच निघतो. राबाला ऐन छाटताना शेंडा ठेवायची जुनी रीत आहे, काही ठिकाणी आता बुडापर्यंत छाटतात. वणवा सगळाच आपण लावत नाही, पण कधीच लावत नाही असं म्हणायची हिंमत आमच्यात नाही. रानपिंगळ्याला मोकळं, विरळ रान लागतं हे खरं. म्हणून कितीही रान मोकळं केलं तरी चालेल असं नाही. ढोलीचं झाड पडलं की त्याचं घर गेलं.

हे आम्ही इथे उघड बोललो म्हणून साहेबाला हत्यार मिळेल, असं काल रात्री एक ताई म्हणाल्या. मिळेल कदाचित. पण आपण लपवलं आणि त्यांनी शोधलं तर आपली सगळी वही खोटी ठरेल. त्यापेक्षा आपणच लिहू, आणि ग्रामसभेने त्याच्यावर काय नियम केला तेपण त्याच्या खाली लिहू.

त्या नववीतल्या पोराचं सांगायचं राहिलं. पाड्यावर त्याला खूप बोलले. आम्हीपण बोललो. मग कुणीतरी विचारलं, दोनशे रुपये घेऊन तू काय केलंस? त्याने वह्या घेतल्या होत्या, आणि बहिणीला चप्पल. त्यानंतर आम्ही त्याला बोलायचं बंद केलं. आता तो आमच्याबरोबर फिरतो, आणि आवाज ओळखण्यात आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे. आम्ही त्याला आठवा धरतो.

आता प्रत्येक पाड्याने काय करायचं.

एक. वही करा. प्रत्येक नोंदीला जागा, पाखराचं आपल्या बोलीतलं नाव, तारीख, कुणी पाहिलं, काय करत होतं, आणि ती जागा आपण कशाला वापरतो, एवढं लिहा. पुस्तकी नाव नाही आलं तरी चालेल, ते नंतर शोधू. जागेचं नाव आपलंच घाला. नकाशात ज्याला नुसता कंपार्टमेंट नंबर आहे, त्या प्रत्येक टेपाडाला, डोहाला आपल्याकडे नाव आहे.

दोन. दाव्याला जे पुरावे लागतात, पाण्याच्या जागा, चराई, कंदमुळाची ठिकाणं, मासेमारीचे डोह, देवाची झाडं, मसणवटा, ते त्याच फेरीत नकाशावर घ्या. एकट्या पाखरांच्या वहीने दावा मंजूर होत नाही, कुणी तसं समजू नये. पण दोन्ही कामं एकाच चालण्यात होतात, आणि एकमेकांना बळ देतात.

तीन. घरट्याची, ढोलीची नेमकी जागा मुख्य वहीत लिहायची नाही. ती वेगळ्या पानावर, ग्रामसभेच्या पेटीत. बाहेर द्यायची प्रत वेगळी. कुणी फोन करून, पैसे देऊन विचारलं तरी सांगायचं नाही.

चार. पाहुणे येतील तर ग्रामसभेला विचारून येतील. आवाज वाजवायचा नाही, फांदी मोडायची नाही, विणीच्या दिवसांत ढोलीजवळ जायचं नाही. बरोबर पाड्याचं माणूस, त्याची मजुरी ठरलेली, पावती ग्रामसभेची. तळं, उंबर, शेताची कड दाखवायला भरपूर आहे. घरटं दाखवायची वस्तू नाही.

पाच. गलोल पोरांनी आपणहून वाघोबापुढे ठेवायची. आमच्या चौघांच्या ठेवून झाल्या.

सहा. गावची जैवविविधता नोंदवही २००२ च्या कायद्याप्रमाणे करायची असते. तुमच्या पंचायतीत ती झालेली असेल तर मागून बघा. तिच्यात तुमच्या पाड्यातल्या कुणाला विचारलं होतं का ते तपासा. नसेल तर आपल्या वहीतलं तिच्यात घालायला लावा.

आता बाबा, तुमच्या प्रश्नावर आलो. पट्टा नाही आणि पाखरं कशाला मोजता. पट्टा तुमच्या दळीचा आहे, तो घेतल्याशिवाय आपण उठणार नाही. पण दळीच्या पुढे जे रान आहे, डोह आहे, उंबर आहे, ते कुणा एकाच्या पट्ट्यात येणार नाही. ते सगळ्या गावाच्या नावाने मागायचंय. मागताना विचारतील, तुम्ही हे रान राखलं म्हणता, तर त्यात काय आहे सांगा. तेव्हा आपल्याला उभं राहून सांगता आलं पाहिजे, कुठल्या झाडात कोण राहतं, कधी येतं, कधी जातं, कुठलं आता येत नाही आणि का. बाबा, तुम्ही आमच्या एका फेरीला चला. आम्हाला पंचवीस वर्षांचं माहीत आहे, तुम्हाला सत्तरचं. गिधाडं शेवटची कधी पाहिली ते आमच्या वहीत अजून कोरं आहे. ते तुम्हीच लिहून द्याल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने निदान दोन पानं भरून आणावीत. रिकाम्या हाताने आलात तरी या, आम्ही वही घेऊन बसलेलो असू.

जोहार. जिंदाबाद.